सही करताना हात अडतो: इम्पोस्टर सिंड्रोमचं काय करायचं?

कोरा_कागद (धागाकर्ती) | रविवार, रात्री ११.५२

नमस्कार मंडळी. चार वर्षं इथे नुसती वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. विभाग चुकला असेल तर सॉरी, संपादकांनी हलवावा.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. पुण्यात एका कन्सल्टंटकडे अकरा वर्षं झाली. शाळा जिल्हा परिषदेची, मराठी माध्यम. दहावीनंतर तंत्रनिकेतनातून सिव्हिलचा डिप्लोमा, मग डिग्रीला डायरेक्ट सेकंड इयर. ज्यांनी हे केलंय त्यांना पुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते: वर्गातली पोरं वर्षभर एकत्र राहून, एम-वन एम-टू (गणिताचे पहिले दोन पेपर) करून बसलेली असतात. तुम्ही मागच्या दाराने शिरल्यासारखे शिरता आणि समोर येतं एम-थ्री. पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर लाप्लास (गणितातली एक पद्धत) मांडला आणि 'हे तुम्हाला माहीतच आहे' म्हणून पुढे गेले. मला माहीत नव्हतं. मी मान हलवली. ती मान मी अजून हलवतेय असं वाटतं.

दोन महिन्यांपूर्वी ऑफिसातल्या सरांनी मला बढती देऊन असोसिएट केलं. म्हणजे आता ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत 'तपासले' या रकान्यात माझी सही. पहिली सही पार्किंग अधिक सात मजल्यांच्या इमारतीच्या फुटिंगवर, म्हणजे पायाच्या ड्रॉइंगवर. सही केली, ड्रॉइंग गेलं, आणि रात्री दोन वाजता लॅपटॉप उघडून मी त्यातला सी-सेव्हन नंबरचा कॉलम (खांब) चौथ्यांदा तपासत होते. आकडे तेच आले. तरी पाचव्यांदा तपासला.

काही बरोबर आलं की मला वाटतं सॉफ्टवेअरने केलं. बढती कदाचित मी जुनी म्हणून मिळाली. क्लायंटने कौतुक केलं ते कदाचित त्याला यातलं कळत नाही म्हणून. आर्किटेक्टबरोबरच्या मीटिंगमध्ये सगळे इंग्रजीत सुरू झाले की मी वहीत चौकोन काढत बसते. गंमत म्हणजे साइटवर मला काहीच होत नाही. माझे वडील गवंडी, बार्शीकडचे. सेंट्रिंगवाले, फिटर, मिस्त्री यांच्याशी बोलायला मला विचार करावा लागत नाही. काचेच्या खोलीत एसीत बसलं की धडधड सुरू होते: आज कोणीतरी उठून विचारणार, 'बाई, तुम्ही इथे कशा?'

यालाच इम्पोस्टर सिंड्रोम म्हणतात असं वाचलं. चुकत असेन तर सांगा. कदाचित मला खरंच येत नसेल आणि मी नाव मात्र भारी शोधलं असेल, ही पण शक्यता आहे. तुमच्यापैकी कोणाला होतं का? गेलं का? चुकत असेन तर प्लीज स्पष्ट सांगा. फार लांबलं, सॉरी.

शेंगदाणा_चटणी | सोमवार, सकाळी ७.१०

पहिला! आणि +१.
अठरा वर्षं बँकेत आहे. अजून ऑडिटर दारातून आत आला की वाटतं हा मलाच न्यायला आलाय. मग तो टॉयलेट कुठे आहे विचारतो.

मनमोकळी | सोमवार, सकाळी ९.३५

कोरा_कागद, लिहिलंत हे बरं केलंत. मी समुपदेशक आहे, त्यामुळे जरा पाल्हाळ सहन करा.

१९७८ साली पॉलीन क्लान्स आणि सुझॅन आइम्स या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक निबंध छापला. दोघी अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठात होत्या. दीडशेहून जास्त बायका त्यांच्या पाहण्यात होत्या. कोणी पीएच.डी. झालेल्या, कोणी आपल्या क्षेत्रात नाव मिळवलेल्या, काही हुशार म्हणून माहीत असलेल्या विद्यार्थिनी. पदव्या, मार्क, मान सगळं होतं आणि आतून पक्की खात्री होती की आपण हुशार नाही, आपण लोकांना गंडवलंय. या दोघींनी 'सिंड्रोम' म्हटलंच नव्हतं, 'फिनॉमेनन' म्हटलं होतं. सिंड्रोम हे शेपूट मागाहून लागलं. मानसिक आजारांच्या अधिकृत याद्यांमध्ये हे नाही. तेव्हा तुम्हाला 'झालेलं' काही नाही, हा एक अनुभव आहे.

त्या निबंधात मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे त्यांनी सांगितलेली दोन प्रकारची घरं. पहिल्या घरात एका भावंडावर 'हा हुशार' असा शिक्का असतो आणि मुलीला म्हणतात 'ही समजूतदार'. ती पुढे कितीही मार्क आणो, शिक्का बदलत नाही. दुसऱ्या घरात मुलीला सांगतात की तुला सगळं येतं, तेही न घासता. मग पहिल्यांदा घासावं लागतं तेव्हा ती धसकते: म्हणजे मी हुशार नव्हतेच! आपल्याकडची किती घरं आठवली तुम्हाला?

पुढे १९८५च्या पुस्तकात क्लान्सने एक चक्र मांडलं. काम अंगावर आलं की धास्ती. धास्तीपोटी एक तर प्रमाणाबाहेर तयारी नाहीतर शेवटपर्यंत चालढकल. काम चांगलं होतं. तयारी केली असेल तर 'एवढं घासलं म्हणून जमलं', चालढकल केली असेल तर 'नशीब'. दोन्हीकडून तुमच्या खात्यात जमा शून्य. पाचव्यांदा तपासलेला सी-सेव्हन यातच बसतो.

शेंगदाणा_चटणी | सोमवार, सकाळी ९.५०

बँकवाला म्हणून बोलतो. जमा होतंय हो, पासबुकात नोंद होत नाहीये. मशीन बंद आहे.

खवचट_काकू | सोमवार, दुपारी १.२०

हल्ली सर्दी झाली तरी सिंड्रोम. आमच्या वेळी याला न्यूनगंड म्हणायचे आणि चहा पिऊन कामाला लागायचे.

बाकी धागाकर्तीचं पोस्ट दोनदा वाचलं. दोन सॉरी, दोन 'चुकत असेन तर', तीन 'कदाचित'. बाई, नकाशावर पण 'कदाचित बारा एमएमची सळई' लिहिता का?

मनमोकळी | सोमवार, दुपारी २.०५

काकू, मोजणी भारी! पण न्यूनगंड वेगळा. न्यूनगंडात माणूस म्हणतो मी कमी आहे, आणि जगालाही ते ठाऊक आहे असं धरून चालतो. इथे माणूस म्हणतो, जग मला जास्त समजतंय आणि ते आता उघडं पडणार. भीती उघडं पडण्याची असते, म्हणून प्रत्येक बढतीबरोबर ती वाढते. न्यूनगंडवाल्याला बढतीने निदान चार दिवस बरं वाटतं.

तुमच्या सर्दीच्या टोमण्यात मात्र तथ्य आहे. २०२०च्या एका आढाव्यात ६२ अभ्यास, मिळून १४ हजारांवर माणसं तपासली. हे किती जणांत सापडतं, तर ९ टक्क्यांपासून ८२ टक्क्यांपर्यंत! मोजपट्टी किती सैल आहे ते यावरूनच कळतं. पुरुषांतही ते भरपूर सापडलं. आणि यावर कुठला उपचार चालतो हे तपासणारा एकही अभ्यास त्या आढाव्याला मिळाला नाही. 'सात दिवसांत इम्पोस्टर सिंड्रोम घालवा' अशी कार्यशाळा कोणी विकत असेल तर पैसे जपा.

इतिहासाचा_तास | सोमवार, दुपारी ४.४०

अवांतर: मराठीत चांगला शब्द असताना इम्पोस्टर कशाला? तोतया!
पानिपतात १७६१ला सदाशिवरावभाऊ पडले आणि पुढे 'मीच भाऊसाहेब' म्हणत एक जण उभा राहिला. कैदेत ठेवला, तिथून सुटला, फौज जमवली, १७७६मध्ये कोकणातले किल्ले घेतले. त्याच वर्षी पुण्यात देहदंड झाला. त्या गड्याने रात्री दोनला उठून 'मला भाऊसाहेबाचं काम जमतंय ना' असं तपासलं असेल असं वाटत नाही. खऱ्या तोतयाला ही शंका येत नाही, म्हणून तर तो किल्ले घेतो.

डॉ_निशाचर | मंगळवार, पहाटे ३.१५

नाइट ड्युटीवर आहे, वॉर्ड जरा शांत आहे तोवर लिहितो.

रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षाची पहिली रात्र. आदल्या दिवशीपर्यंत मी विचारायचो, त्या रात्रीपासून पहिल्या वर्षाची मुलगी मला विचारायला लागली. 'सर, प्रेशर पडतंय, काय चालू करू?' मला डोस माहीत होता. शंभर वेळा दिला होता. तरी 'एक मिनिट' म्हणून बाथरूममध्ये जाऊन मोबाइलवर बघितला. तोच होता. बाहेर येऊन आवाज जाड करून सांगितला. तिला मी फार आत्मविश्वासाचा वाटलो असं तिने नंतर सांगितलं. तीही पुढच्या वर्षी बाथरूममध्ये जायची.

आता मी तिच्यासमोरच बघतो. 'थांब, डोस बघू या' म्हणतो. त्याने माझी किंमत कमी झालेली मला दिसली नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली ऑपरेशनची चेकलिस्ट आणली. रुग्णाचं नाव, बाजू कुठली, ॲलर्जी, शेवटी कापसाचे बोळे मोजले का, सगळं मोठ्याने विचारायचं. सुरुवातीला काही सर्जनना राग यायचा, आम्हाला काय येत नाही का? आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत वापरून बघितली तेव्हा मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८वर आलं. त्यात दिल्लीचंही एक रुग्णालय होतं. सर्जन तेच होते. यादी शंका घेते ती कामावर घेते, आणि सगळ्यांसाठी सारखी घेते. सात मजल्यांचा कॉलम तपासूच नका असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका. पण पाचव्यांदा तपासताना तुम्ही कॉलम तपासत नव्हता.

आलो, बेल वाजली.

उंबरठा | मंगळवार, रात्री ९.२५

सगळे धागाकर्तीच्या डोक्यात शिरून दुरुस्ती करताय. मी जरा खोलीकडे बघतो, ती काचेची.

मी राखीव जागेवरून इंजिनिअरिंगला गेलो. प्रवेशाच्या यादीत नावासमोर कॅटेगरी छापलेली. होस्टेलवर पहिल्या आठवड्यात नाव विचारायच्या आधी रँक विचारायचे, आणि रँक सांगितली की 'अच्छा' म्हणायचे. ते 'अच्छा' चार वर्षं पुरलं. व्हायवाला उत्तर आलं तर 'सर खूश होते आज', नाही आलं तर 'बघा'. तिसऱ्या वर्षापर्यंत मीच माझ्याबद्दल तसं बोलायला लागलो होतो. हे माझ्या मनात आपोआप उगवलं नव्हतं, पेरलं होतं.

२०२१मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत रुचिका तुलश्यान आणि जोडी-ॲन बुरी यांचा लेख आला होता. बायकांना इम्पोस्टर सिंड्रोम आहे असं सांगणं थांबवा, त्या जिथे काम करतात ती जागा दुरुस्त करा, असा मुद्दा. मला तो शंभर टक्के पटतो. तुमच्या एम-थ्रीच्या सरांनी डिप्लोमाची पोरं वर्गात बसलीत हे माहीत असून 'तुम्हाला माहीतच आहे' म्हटलं, ते चुकलं की नाही? तुम्ही मात्र त्या चुकीची पावती अकरा वर्षं स्वतःच्या नावावर फाडताय.

आणखी एक. वॉल्टन आणि कोहेन यांचा २०११चा प्रयोग आहे, अमेरिकेतल्या एका कॉलेजातला. पहिल्या वर्षाच्या मुलांना सीनियर मुलांचे अनुभव वाचायला दिले: सुरुवातीला आम्हालाही आपण इथले नाही असं वाटायचं, सगळ्यांनाच वाटतं, हळूहळू जातं. साधारण तासाभराचं काम. पुढच्या तीन वर्षांत कृष्णवर्णीय मुलांचे मार्क चढत गेले, गोऱ्या मुलांबरोबरचं अंतर निम्म्यावर आलं. त्यांची बुद्धी एका तासात वाढली नव्हती. 'हे फक्त मलाच होतंय' हा समज गेला. कोणी आम्हाला तेव्हा असं एक पान दिलं असतं तर.

नाना_ठेकेदार | बुधवार, सकाळी ६.३०

मी कोल्हापूरचा, बांधकामात हयात गेली, आता नातवंडं सांभाळतो. पोरी, तुझे वडील गवंडी म्हणतेस. अजून कामावर जातात का? ओळंबा लावतात का?

आणि साइटवर कधी काही पकडलंस का गं अकरा वर्षांत? एखादी गोष्ट सांग बघू. मला तेवढ्यावरून कळंल.

कोरा_कागद | बुधवार, रात्री १०.१५

सगळ्यांना एकत्र उत्तर देते. काकू, मोजलंत ते मीही मोजलं. सॉरी म्हणणार होते, खोडलं.

नाना, अण्णा अजून जातात. ओळंबा (भिंत सरळ उभी आहे का ते बघायचं दोरीला बांधलेलं वजन) दर तीन-चार थरांना. चाळीस वर्षं होत आली.

पकडलेली गोष्ट म्हणजे दोन वर्षांपूर्वीची. स्लॅब भरायचा दिवस, सकाळी साडेसहा. काँक्रीटची गाडी रस्त्यावर येऊन उभी. दीड मीटरची बाल्कनी होती. बाकीच्यांसाठी: बाल्कनी एका बाजूनेच धरलेली असते. ती खाली वाकायला बघते तेव्हा ताण वरच्या अंगाला येतो. म्हणून तिची मुख्य सळई वर हवी. साध्या स्लॅबमध्ये मध्यावर ती खालच्या अंगाला असते, त्यामुळे नवखा माणूस इथे हटकून फसतो. सळई वर उचलून धरायला खाली सळईच्याच 'चेअर' ठेवतात.

आदल्या संध्याकाळी मी तपासून गेले होते, सगळं ठीक होतं. रात्री इलेक्ट्रिकवाले पाइप टाकायला आले आणि त्यावरून चालले. चेअर आडव्या पडल्या, सळया बसल्या. वरून बघितलं तर जाळी सुरेख दिसत होती, एकसारखी. मला जाळी जरा जास्तच निवांत वाटली, दुसरा शब्द सुचत नाही. टेप आत घातला. दीडशे एमएमच्या स्लॅबमध्ये सळईच्या वर पंचवीस एमएम हवं होतं, तिथे पंच्याहत्तर निघालं. म्हणजे सळई बरोबर मध्यात, नसल्यात जमा. तशी भरली असती तर खालचे टेकू काढताना काय झालं असतं ते सांगत नाही.

गाडी थांबवली. ठेकेदाराची माणसं खूप ओरडली, गाडीतलं काँक्रीट थांबत नाही हे त्यांचंही खरं. ती गाडी दुसरीकडच्या फुटिंगला वळवली. नव्या चेअर वाकवून, बांधून, परत टेप लावून सव्वानऊला पहिलं काँक्रीट पडलं. सर म्हणाले, बरं झालं. मी म्हटलं, नशीब, लवकर पोचले.

नाना_ठेकेदार | गुरुवार, सकाळी ६.२०

नशिबानं टेप आत जात नसतो.

लवकर पोचलेली माणसं मी लई बघितली. मोबाइलवर फोटो काढत्यात आणि चहाला जात्यात. जाळी 'निवांत' दिसली म्हणतेस, ते दिसायला डोळा लागतो. तो तुला कोणत्या कॉलेजात दिला? तुझ्या बापाच्या हाताखाली विटा भिजवताना आला असंल.

आणि आता ओळंब्याचं. चाळीस वर्षं काम केलेला गडी दर तीन थराला ओळंबा सोडतो. त्याला कोणी म्हणतं का, याचा स्वतःवर भरवसा नाही म्हणून? ओळंबा भिंतीला लावायचा असतोय. तू स्वतःला लावून बसलीस.

दुपारची_झोप | गुरुवार, दुपारी ३.००

नानांच्या प्रतिसादासाठी वाचनखूण साठवली आहे.

ऱ्हाइनकाठी | गुरुवार, रात्री ११.४५ (तुमचे)

जर्मनीत पीएच.डी. करतोय, चौथं वर्ष. दर बुधवारी ग्रुप मीटिंग. पहिले सहा महिने मी तोंड उघडलं नाही, कारण बाकी सगळे सगळं समजल्यासारखे बसायचे. एकदा एका इटालियन मुलीने विचारलं, 'हे समीकरण कोणाला कळलंय का खरंच?' नऊपैकी दोन हात वर. सहा महिने आम्ही सात जण एकमेकांना बघून माना हलवत होतो. कोरा_कागद, तुमची मान वाचून हेच आठवलं.

मला उपयोगी पडलेली एक गोष्ट सांगतो. मनमोकळी यांनी सांगितलेल्या १९७८च्या निबंधातच ती आहे. कोणी चांगलं म्हटलं की लिहून ठेवायचं, आणि आपण ते कसं झटकलं तेही लिहायचं. पहिला रकाना सगळे सांगतात, गंमत दुसऱ्यात आहे. सहा आठवड्यांनी माझा दुसरा रकाना असा होता: 'गाइडचा मूड चांगला होता', 'तो सगळ्यांनाच म्हणतो', 'विषय सोपा होता', 'तिला वाईट वाटू नये म्हणून', 'भारतीयाकडून अपेक्षा कमी असेल'. एकाच माणसाबद्दल इतकी कारणं, आणि त्यातली निम्मी एकमेकांना खोटी पाडणारी. वकिलाने असा बचाव कोर्टात मांडला असता तर न्यायाधीश हसले असते. धडधड थांबली नाही. पण आता कारण सुचलं की मलाच हसू येतं.

याउलट ज्याचा उपयोग झाला नाही तेही सांगतो: 'अरे तू ग्रेट आहेस' म्हणणारे मित्र. त्याने उलट एक माणूस आणखी फसवल्यासारखं वाटतं.

मनमोकळी | शुक्रवार, सकाळी १०.३०

ऱ्हाइनकाठी, क्लान्स-आइम्सनी गटात बसून बोलण्यावर भर दिला होता तो यासाठीच. दुसरी बाई 'मी फसवतेय' म्हणते तेव्हा ते किती हास्यास्पद आहे हे चटकन दिसतं. स्वतःचं दिसत नाही.

उंबरठा, तुमचा मुद्दा मान्य. समुपदेशकाच्या खोलीत आपण माणसाला सुधारतो आणि त्याला परत त्याच खोलीत पाठवतो, ही आमच्या धंद्याची अडचण आहे. पण खोली सुधारेपर्यंत तिला झोप हवीच.

कोरा_कागद, एक सरळ प्रश्न. रात्री दोनचं जागरण आठवड्यातून किती वेळा? रोज असेल, जेवण सुटलं असेल, छाती भरून येत असेल तर याला नुसता इम्पोस्टर म्हणून बाजूला ठेवू नका, कोणाला तरी प्रत्यक्ष भेटा. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, १४४१६, तिथे मराठीत बोलता येतं.

कोरा_कागद | तीन आठवड्यांनी, रविवार, सायंकाळी ६.४०

धागा वर काढतेय. मनमोकळी, तेव्हा आठवड्यातून चारदा होतं. आता एखाद्या वेळी.

काय केलं ते क्रमाने नाही, आठवेल तसं सांगते.

अण्णांना फोनवर ओळंब्याची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत, त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. म्हणाले, 'वारं असलं की ओळंबा बघू नये, हलतोय. वारं पडू द्यावं.' एवढंच. मग मी नियम केला: रात्री दहानंतर हिशोब उघडायचा नाही. शंका आली तर कागदावर लिहून उशाशी ठेवायची, सकाळी बघायची. पहिल्या आठवड्यात नऊ कागद झाले. सकाळी त्यातल्या सात शंका वाचूनच संपल्या, एकीचं उत्तर आधीच हिशोबात होतं, आणि एक खरी निघाली. जिन्याजवळच्या एका बीमला रिंगांचं (मुख्य सळयांभोवतीच्या कड्यांचं) अंतर ड्रॉइंगवर चुकीचं पडलं होतं, टायपिंगची चूक. सुधारलं. आधीच्या रात्रींमध्ये मी सी-सेव्हनच घासत बसले असते.

दुसरं, ऑफिसात एका सहकाऱ्याला म्हटलं, तू माझे हिशोब तपास, मी तुझे तपासते, एकमेकांचे आकडे न बघता. त्याला माझ्यात एक चूक मिळाली, मला त्याच्यात दोन. तो नामांकित कॉलेजातला. चुका मिळाल्यावर त्याचा चेहरा जरा उतरला आणि मग तो म्हणाला, 'तुला सांगू? मी सॉइल रिपोर्ट वाचताना अजून नेटवर शोधतो.' अकरा वर्षं आमची टेबलं समोरासमोर आहेत.

हे लिहिताना बरं वाटतंय म्हणून सगळं छान झालं असं नाही. गेल्या मंगळवारी मीटिंगमध्ये आर्किटेक्टने विचारलं, हा कॉलम दीड फूट सरकवता येईल का? आधी मी 'हो, बघू, जमेल बहुतेक' म्हटलं असतं आणि रात्रभर जागले असते. या वेळी मराठीत म्हटलं, 'आत्ता सांगता येणार नाही, गुरुवारी सांगते.' खोलीत दोन सेकंद शांतता झाली. ती दोन सेकंद मी मेले. मग तो म्हणाला, 'ओके, थर्सडे', आणि पुढच्या विषयाकडे गेला. गुरुवारी सांगितलं: नाही सरकवता येणार. तो चिडला. चिडू दे.

उंबरठा, तुमच्यासाठी: या वर्षीची नवीन ट्रेनी मुलगी डिप्लोमावाली आहे. मी तिला पहिल्या दिवशीच एम-थ्रीची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, 'मॅडम, तुम्हाला पण?' आणि मग अर्धा तास एम-थ्रीला शिव्या.

उंबरठा | रविवार, सायंकाळी ७.०५

हे वाचून फार बरं वाटलं. बाकी काही लिहीत नाही.

खवचट_काकू | रविवार, सायंकाळी ७.३०

कदाचित शून्य. सॉरी शून्य. 'बहुतेक' एक आहे पण ते अवतरणात आहे, सोडून दिलं.

शेंगदाणा_चटणी | रविवार, रात्री ८.१२

अवांतर, पण ताई सापडल्याच आहेत तर विचारून घेतो. आमच्या जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर बाल्कनीला चीर गेलीय. सोसायटीचा प्लंबर म्हणतो रंग मारा, काही होत नाही. फोटो टाकू का?

कोरा_कागद | रविवार, रात्री ८.१९

रंग मारू नका. आधी हे बघा.

चीर बाल्कनीच्या वरच्या अंगाला आहे की खालच्या? भिंतीला लागून, भिंतीला समांतर धावते का? लांबी किती? नखाने उकरली तर फक्त गिलावा निघतो की चीर आत स्लॅबमध्ये जाते? खालून बघा: तांबूस डाग किंवा पोपडा आहे का? हातोडीच्या दांड्याने खालून हलकं ठोका. टणक आवाज यायला हवा, बद्द आला तर तिथे काँक्रीट सुटलंय.

शेंगदाणा_चटणी | रविवार, रात्री ८.४४

वरच्या अंगाला. भिंतीला लागून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पोस्टकार्डाची कड सहज आत जाते. खालून तांबूस डाग आहेत. आवाज बद्द.

कोरा_कागद | रविवार, रात्री ८.४६

बाल्कनीत आजपासून कोणी उभं राहायचं नाही. कुंड्या, वॉशिंग मशीन, पाण्याचं पिंप, सगळं आत घ्या. आत घेताना एका वेळी एकच माणूस, तोही दारातून हात घालून. दाराला आतून कुलूप लावा, किल्ली पोरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. खालच्या मजल्यांना सांगा, त्या बाल्कनीखाली कोणी बसू नये, गाडी लावू नये. सेक्रेटरींना आत्ताच फोन करा. उद्या सकाळी तळापासून प्रत्येक मजल्यावर टेकू लावून घ्यावे लागतील. प्लंबर नको, सेंट्रिंगवाला बोलवा.

फोटो उद्या उजेडात, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, दारातूनच.

शेंगदाणा_चटणी | रविवार, रात्री ९.०३

बायको कुंड्या आत घेतेय, दारातूनच. सेक्रेटरी म्हणतात मीटिंग घेऊ पुढच्या महिन्यात.

कोरा_कागद | रविवार, रात्री ९.०५

सेक्रेटरींचा नंबर आणि पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. त्यांच्याशी मी बोलते. सकाळी आठला येते, हातोडी मी आणते.